दोनशे सत्तर हात

गुरुवार रात्र, नाशिकरोड

सव्वीस वर्षं मी आठवी ते दहावीला गणित शिकवते आहे. दर जूनमध्ये फळ्यावर एक मोठं वाटोळं शून्य काढायचं, "याचा शोध कोणी लावला?" असं विचारायचं, आणि पोरांनी सुरात ओरडायचं, "आर्यभट!" यंदा आठवीतल्या एका मुलीने हात वर केला. "बाई, शोध लावला म्हणजे नेमकं काय केलं? त्याच्या आधी लोक दहा कसे लिहीत होते?" तेवढ्यात घंटा झाली म्हणून वाचले.

त्यानंतर मी थोडं वाचायला लागले. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास 'स्थानात् स्थानं दशगुणं स्यात्' असं लिहून ठेवलंय, म्हणजे प्रत्येक घर आधीच्या घराच्या दहापट. पण त्याने स्वतः आकडे लिहिले ते अक्षरांत, आणि शून्याची खूण काही त्याच्या ग्रंथात सापडत नाही. म्हणजे मी सव्वीस वर्षं जे सांगत आले ते धड खोटं नाही आणि धड खरंही नाही. अशात ग्वाल्हेरला गणिताच्या इतिहासावर दोन दिवसांचं चर्चासत्र आहे, शाळेच्या शिक्षकांनाही प्रवेश आहे, असं कळलं. ग्वाल्हेरला माझी आत्या असते, लष्कर भागात. मुख्याध्यापकांना सुट्टीचं कारण सांगताना मी आत्याची तब्येत आधी सांगितली आणि शून्य नंतर.

पंजाब मेल रात्री नाशिकरोडला आली. माझा बर्थ वरचा, त्यामुळे खिडकी नाही, तरीही चाळीसगावपर्यंत जागी राहिले. चाळीसगावपासून जवळच पाटण आहे. तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांची वंशावळ कोरलेली आहे. त्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने तिथे मठ काढला, आणि १२०७ च्या सुमारास त्या मठाला दानं मिळाली. भाऊ दाजी लाडांनी हा लेख उजेडात आणला. मला त्यातला सगळ्यात आवडतो तो शेवट. वंश, विद्या, कीर्ती असं सगळं संस्कृतात झाल्यावर, पैशाची गोष्ट आली की लेख एकदम मराठीत बोलायला लागतो! बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर मठाला काय द्यायचं, गिऱ्हाइकाने पाच पोफळी, म्हणजे सुपाऱ्या, द्यायच्या, जितके घाणे चालतात तितक्यांमागे पळी पळी तेल द्यायचं. भास्कराचार्यांच्या 'सिद्धान्तशिरोमणी' ग्रंथाचा अभ्यास तेल्यांच्या तेलावर चालला होता तर. ही पळी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चाळीसगाव कधी गेलं कळलंच नाही. झोप लागली होती.

शुक्रवार, गाडीत आणि लष्करात

सकाळी भोपाळच्या अलीकडे जाग आली. डिसेंबरचं धुकं, शेतात गहू. खालच्या बर्थवरच्या काकांनी मी काय वाचतेय ते विचारलं. "गणिताचा इतिहास," म्हटल्यावर ते म्हणाले, "गणितालाही इतिहास असतो? मला वाटायचं ते आधीपासून आहेच." त्यावर मला काही सुचलं नाही. चर्चासत्रातही कुणी इतका नेमका प्रश्न विचारला नाही.

दुपारी झाशी आलं. आपल्याला झाशी म्हटलं की राणी. पण भारतीय गणिताच्या इतिहासाचं काम करणाऱ्यांना झाशी म्हटलं की राधाचरण गुप्त आठवतात. त्यांचा जन्म १९३५ चा, झाशीचाच. रांचीजवळच्या मेसऱ्याला आयुष्यभर शिकवलं आणि निवृत्त होऊन परत झाशीला आले. भारतीय गणित इतिहास परिषद १९७८ ला सुरू झाली, पुढच्या वर्षी तिचं 'गणित भारती' हे नियतकालिक निघालं, आणि ते त्यांनी वर्षानुवर्षं चालवलं. २००९ साली केनेथ मे पुरस्कार मिळाला, गणिताच्या इतिहासातला जगातला सगळ्यात मोठा मान. २०२३ ला पद्मश्री, आणि २०२४ ला ते गेले. गाडी फलाटावर उभी होती तेवढा वेळ मी उगाच खाली उतरून उभी राहिले. चहा घेतला, बरा नव्हता.

झाशी सोडल्यावर मात्र मी खिडकीवाल्या काकांना उठवून त्यांच्या जागेवर बसले, कारण ग्वाल्हेरच्या अलीकडे आंतरी नावाचं छोटं स्टेशन लागतं. तिथे अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलची कबर आहे. दख्खनहून आग्र्याला परतताना १६०२ साली वीरसिंह बुंदेल्याने त्याला या भागात मारलं. आणि याच अबुल फजलचा थोरला भाऊ फैजी, ज्याने अकबराच्या सांगण्यावरून १५८७ साली 'लीलावती' हा गणिताचा ग्रंथ फारसीत नेला. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये भुंग्यांचे थवे, कमळं आणि हंस घालून रचलेली गणितं अकबराच्या दरबारात फारसीत वाचली गेली. आंतरीची पाटी क्षणभर दिसली, "अं" तेवढं वाचता आलं. काकांना ही सगळी गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "भावाभावांचं बरं होतं म्हणजे."

ग्वाल्हेरला आतेभाऊ घ्यायला आला होता. लष्कर हा भाग दौलतराव शिंद्यांच्या छावणीवरून उभा राहिला, म्हणून नाव लष्कर. महाराजवाड्याच्या चौकातून आत गल्लीत शिरलं की पाट्यांवर अजून आपली आडनावं दिसतात. आत्या दारातच उभी होती.

"किती उशीर केलास बेटा! जा, आधी नहाऊन घे, गीझर चालू करून ठेवलंय."

आत्या पुण्याहून लग्न होऊन इथे आली त्याला छप्पन्न वर्षं झाली. तिचं मराठी आता ग्वाल्हेरचं झालंय, हिंदीच्या कडेकडेने चालणारं. आम्ही मुलं लहानपणी हसायचो. आता मला ते ऐकायला आवडतं. जेवायला वरण-भात, वर गजक. मुरैन्याची, तिळाची, दातांखाली चुरचुरून विरघळणारी.

शनिवार

आजच्या दिवसाबद्दल राग आहे, तो आधीच सांगून टाकते. छापील कार्यक्रमपत्रिकेत दुपारी चार वाजता 'चतुर्भुज मंदिर भेट' असं होतं. मी खरं तर त्या एका ओळीसाठी आले होते. उद्घाटन साडेदहाचं, सुरू झालं सव्वाअकराला. समई पेटेना. मग शाली, श्रीफळं, प्रमुख पाहुण्यांचा परिचय, पाहुण्यांचा परिचय करून देणाऱ्यांचा परिचय. दीड वाजता पहिलं व्याख्यान सुरू झालं, आणि चारची भेट 'वेळेअभावी' रद्द झाली. किल्ला सभागृहाच्या खिडकीतून दिसत होता! शून्यावर बोलायला देशभरातून माणसं जमवायची आणि तीन-चार किलोमीटरवरचं शून्य बघायला न्यायचं नाही, याला काय म्हणावं.

व्याख्यानं मात्र चांगली झाली, विशेषतः बखशालीवरचं. पेशावरजवळच्या बखशाली गावात १८८१ साली एका शेतकऱ्याला जमीन खणताना भूर्जपत्रांची चळत सापडली. त्यातली सत्तरेक पानं उरली आहेत आणि ती ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात आहेत. पानोपानी गणितं, आणि शून्याच्या जागी टिंब. २०१७ साली तीन पानांचा कार्बन काढून वय मोजलं तर तीन वेगळी वयं निघाली: एक पान २२४ ते ३८३ मधलं, एक ६८० ते ७७९, एक ८८५ ते ९९३. वर्तमानपत्रांनी अर्थातच पहिलं उचललं आणि 'शून्य पाचशे वर्षांनी म्हातारं झालं' अशा बातम्या छापल्या. वक्त्या म्हणाल्या, पण अक्षर सलग आहे, मजकूर सलग आहे. मग लिहिणाऱ्याने पाचशे वर्षं जुनी पानं जपून ठेवून त्यांवर लिहिलं असं मानायचं का? त्यापेक्षा सगळ्यात उशिराचं पान खरं धरावं असं बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं आहे. मला ही बाई आवडली. जुनं असण्याचा मोह तिने सरळ बाजूला ठेवला.

दुसरं व्याख्यान कंबोडियातल्या शिलालेखावर. त्यात शके ६०५ असं कोरलंय, म्हणजे ६८३ साल, आणि मधल्या शून्यासाठी टिंब आहे. शके! आपल्या पंचांगातलं शके, मेकाँगच्या काठी. म्हणजे ग्वाल्हेरचं शून्य जगातलं पहिलं नाही. भारतात मात्र ज्याच्या तारखेबद्दल भांडण नाही असं कोरलेलं शून्य म्हणून ग्वाल्हेरचंच नाव आधी घेतात. सभागृहात थोडी कुजबुज झाली. घरच्या मैदानावर विकेट गेल्यासारखी.

तिसरे वक्ते ब्रह्मगुप्तावर बोलले. आर्यभट नाही, ६२८ सालचा हा माणूस, ज्याने शून्याला आकड्यांच्या पंगतीत बसवलं: धनातून शून्य वजा केलं तर धन, ऋणातून केलं तर ऋण, शून्याने गुणलं तर शून्य. भागाकारात मात्र तो घसरला. शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य, असं त्याने लिहून ठेवलं. माझ्या वर्गातली निम्मी मुलं ब्रह्मगुप्ताच्या बाजूची आहेत. यापुढे त्यांच्या वहीत लाल फुली मारताना जरा आदराने मारीन.

केरळच्या माधवाच्या अनंत श्रेणीवरही कुणी बोललं, पण तेव्हा पाच वाजले होते आणि मागच्या बाकांवर चहाचे कप वाजत होते. एवढंच टिपलं: ती गणितं सिद्धतांसकट ज्येष्ठदेवाने १५३० च्या सुमारास मल्याळममध्ये लिहिली. संस्कृतात नव्हे, घरच्या भाषेत. मला पाटणची पळी आठवली.

रविवार

सकाळच्या सत्रात एका वक्त्याने सगळं काही वेदांत होतंच असं सांगायला सुरुवात केली. पुरावा म्हणून 'वैदिक गणिता'ची सूत्रं. मागून एक वयस्कर गृहस्थ उठले, धोतर, कोट, मफलर. त्यांनी शांतपणे विचारलं, "कुठल्या वेदात? कुठल्या मंडलात?" उत्तर नव्हतं, कारण ती सूत्रं अथर्ववेदाच्या उपलब्ध परिशिष्टांत सापडतच नाहीत. 'वैदिक गणित' हे पुस्तक छापलं गेलं १९६५ साली. त्यातल्या युक्त्या झटपट गुणाकाराला चांगल्या आहेत, मीही वर्गात वापरते. पण युक्ती चांगली असली म्हणजे ती जुनी असलीच पाहिजे असं कुठे आहे? वक्ते चिडले, अध्यक्षांनी वेळ संपल्याची घंटा वाजवली. मला ते शाळेतलंच वाटलं. अडचणीच्या प्रश्नाला घंटा.

यानंतरचं सत्र मी जन्मभर विसरणार नाही. विषय: संगीतातलं गणित. ग्वाल्हेरात तो निघणं साहजिकच होतं. भातखंड्यांनी १९१८ मध्ये माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने इथे संगीत विद्यालय काढलं, आणि ख्यालाचं सगळ्यात जुनं घराणं या गावाच्या नावाने ओळखतात. व्याख्यात्यांनी सोबत एक गाणारी मुलगी आणली होती, विशीतली, साडीच्या पदराशी चाळा करणारी.

आधी छंद. लघु एक मात्रा, गुरू दोन. चार मात्रांची ओळ किती तऱ्हांनी भरता येईल? फळ्यावर पाच तऱ्हा आल्या. पाच मात्रांची आठ, सहाची तेरा. म्हणजे एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा. प्रत्येक आकडा आधीच्या दोघांची बेरीज, कारण ओळ एकतर लघूने संपते नाहीतर गुरूने. लघू काढून टाकला तर एक मात्रा कमीची ओळ उरते, गुरू काढला तर दोन कमीची. हे विरहांकाने सांगितलं आणि ११५० च्या सुमारास हेमचंद्राने पुन्हा मांडलं. इटलीच्या फिबोनाचीने सशांच्या जोड्या मोजत हेच आकडे दिले ते पुस्तक १२०२ चं. त्याचे ससे यायच्या आधी आपल्याकडे लघु-गुरू होते. मी दहावीच्या पोरांना दरवर्षी ससे सांगते. आता श्लोक सांगेन. कंटाळतील, पण सशांनाही कंटाळतातच.

मग शार्ङ्गदेव. देवगिरीचा, सिंघण यादवाच्याच पदरचा. म्हणजे पाटणच्या मठाचा राजा तोच! संगीतरत्नाकरात त्याने सात स्वरांच्या उलटापालटीने होणाऱ्या ५०४० ताना मोजल्या, आणि मोजून थांबला नाही. 'अमुक क्रमांकाची तान कोणती?' आणि 'ही तान कितव्या क्रमांकाची?' या दोन्ही प्रश्नांची उत्तरं काढायला त्याने खंडमेरू नावाचं एक कोष्टक दिलं. पहिल्याला नष्ट म्हणतात, दुसऱ्याला उद्दिष्ट. अख्खी यादी लिहायची गरज नाही. व्याख्यात्यांनी चारच स्वर घेतले, सा रे ग म, त्यांच्या चोवीस ताना. सभागृहाला सांगितलं, एक ते चोवीसमधला आकडा सांगा. कुणीतरी "सतरा!" म्हणालं. ते कोष्टकावर बोट फिरवून चार स्वर पुटपुटले आणि ती मुलगी लगेच गायली. मग उलट. तिने मनाने एक तान घेतली आणि ते म्हणाले, "नववी." असं दहा मिनिटं चाललं. मफलरवाले गृहस्थ डोळे मिटून मान डोलावत होते. त्या मुलीचा सूर इतका स्वच्छ होता की गणित मध्ये कुठे आलं आणि कुठे गेलं कळत नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत जेवण सोडून मी आणि आणखी दोघी शिक्षिका रिक्षा करून किला गेटला गेलो. गुजरी महाल मागे टाकून दगडी चढ चढत, धापा टाकत मंदिराशी पोचलो. लोखंडी दाराला कुलूप. खाली बसलेला चणेवाला म्हणाला, चौकीदार जेवायला गेलाय. "कब आएंगे?" "खाना खा के." जाळीतून आत अंधार दिसला. परत निघालो. गंमत म्हणजे आमची जेवणं बुडाली ती त्याच्या जेवणामुळे.

सोमवार

सुट्टी एक दिवस जास्तीची टाकली होती, आत्याच्या नावावर. सकाळी आठलाच निघाले. आतेभाऊ म्हणाला, "ताई, इथे जन्मलो, पन्नाशी आली, मी अजून ते बघितलेलं नाही." मग तोही आला. धुक्यात किल्ला दिसतच नव्हता. पायथ्याशी पोचल्यावर अचानक वर भिंत उभी राहिली, मानसिंगाच्या महालाची निळी फरशी धुक्यातून उमटत गेली.

चौकीदार होता. चांगला माणूस. काल आम्ही येऊन गेलो ते त्याला चणेवाल्याने सांगितलं होतं.

मंदिर म्हणजे काय, चढाच्या वाटेवर एकाच खडकात कोरून काढलेली दहा-बारा फुटांची खोली, पुढे चार खांबांची ओसरी. आत चतुर्भुज विष्णू. मिहिरभोज प्रतिहाराच्या काळात अल्ल नावाचा माणूस या किल्ल्याचा कोटपाल होता. त्याने हे देऊळ खोदवलं आणि देवाला बापाचं नाव दिलं. बाप वाइल्लभट्ट, म्हणून देव वाइल्लभट्टस्वामी. लेख दोन आहेत, एक संवत ९३२ चा, दुसरा ९३३ चा, माघ शुद्ध द्वितीया. म्हणजे ८७६ साल. शून्य दुसऱ्यात आहे.

चौकीदाराने टॉर्च लावून दाखवलं. मी बराच वेळ शोधत होते. काहीतरी मोठं असेल, निदान ठसठशीत असेल, असं मनात होतं. शेवटी त्यानेच बोट ठेवलं, दगडाला न टेकवता. दोन, सात, आणि त्यांच्या शेजारी एक बारीकसं वाटोळं, बाकीच्या आकड्यांहून लहान. मुगाच्या दाण्याएवढं म्हणा. फळ्यावर मी काढते ते याच्या शंभरपट तरी असेल.

लेख काय सांगतो? सबंध गावाने मिळून फुलबागेसाठी जमीन दिली, २७० हात लांब, १८७ हात रुंद. माळ्यांनी त्या त्या ऋतूतल्या फुलांच्या ५० माळा रोज द्यायच्या. तेल्यांनी घाण्यामागे एक पळी तेल दिव्यासाठी द्यायचं. पळी! पाटणच्या लेखाच्या सव्वातीनशे वर्षं आधी, सात-साडेसातशे किलोमीटर उत्तरेला, तोच घाणा आणि तीच पळी. नंतर कळलं की हे दोन्ही लेख शिलालेख छापणाऱ्या 'एपिग्राफिया इंडिका'च्या पहिल्याच खंडात छापलेत, एक हुल्ट्शने संपादलेला, दुसरा पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवलेल्या कीलहॉर्नने. मी मात्र त्यांना जोडलं ते एका रेल्वेच्या तिकिटावर.

तिथल्या ओट्यावर बसून मी वहीत हिशोब केला. हात दीड फुटाचा धरला तर ४०५ फूट बाय २८० फूट. गुंठ्यांत १०४, म्हणजे अडीच एकरांच्या थोडं वर. दिवसाला ५० म्हणजे वर्षाला १८,२५० माळा. अडीच एकरात झेंडू, मोगरा, कण्हेर लावून रोजच्या पन्नास माळा सहज निघाव्यात. उरलेलं माळ्याचं पोट. व्यवहार चोख होता.

आणि तेव्हा मला त्या आठवीतल्या मुलीचा प्रश्न पुन्हा आठवला. दगडावर कोरणाऱ्या त्या माणसाने शून्य काढताना काही विशेष केलेलं नाही. वर रेघ नाही, समजावून सांगणं नाही, आधी शब्दांत लिहून मग आकडा असा सावधपणा त्या ओळीत नाही. दोन कोरले, सात कोरले, टिकली काढली, पुढे गेला. वाचणाऱ्या माळ्याला, तेल्याला, कोटपालाला ते कळेल याची त्याला खात्री होती. म्हणजे त्या वाटोळ्याला तोवर जुनं व्हायला पुरेसा वेळ मिळाला होता. आपण त्याला शोध म्हणतो, हार घालतो, सभागृहं भरवतो. त्याच्या लेखी तो जमिनीचा उतारा होता.

आतेभाऊ मोबाईलवर फोटो काढत होता. "ताई, एवढंसं?" तो म्हणाला.

"एवढंसंच."

वर सासबहूचं देऊळ, तेली का मंदिर सगळं बघितलं, तेली का मंदिराची उंची बघून मान दुखली. दुपारी धुकं निवळलं तेव्हा वरून लष्कर दिसत होतं. आतेभावाने आपलं घर शोधून दाखवलं, मला काही दिसलं नाही.

मंगळवार

गाडी उत्तरेकडून येणारी, धुक्यात अडकलेली. सकाळी फोनवर बघितलं तर चार तास उशिरा. आत्याला फार आनंद झाला. तिने पोहे केले, वर शेव, आणि म्हणाली, "आता सांग, काय बघून आलीस किल्ल्यावर?"

मी जमिनीची गोष्ट सांगितली. दोनशे सत्तर हात म्हटल्यावर तिने पोह्यांचा घास तोंडाशीच थांबवला.

"किती माणसं झाली?"

"कसली माणसं?"

"अगं, देह औट हात ना! ज्याचा त्याचा, आपापल्या हाताने."

औट म्हणजे साडेतीन. मला औटकी येत नाही. आमच्या वेळेपासूनच शाळेतून पावकी, निमकी, दीडकी गेली होती. आत्या मात्र पुण्याच्या शाळेत पंतोजींच्या छडीखाली शिकलेली. ती डोळे अर्धवट मिटून सुरू झाली, "एक औट औट, बे औट सात, तीन औट साडेदहा, चार औट चौदा..." बोटं पदरावर चालत होती. दहा औट पस्तीसवर आली तशी थांबली. "पस्तीस साते दोनशे पंचेचाळीस. म्हणजे सत्तर माणसं. राहिले पंचवीस. सात औट साडेचोवीस. सत्त्याहत्तर माणसं झाली बघ. डोक्याला पाय लावून झोपवली की बाग भरली."

मी फोनवर भागाकार केला. बरोबर. सत्त्याहत्तर औट म्हणजे दोनशे साडेएकोणसत्तर.

खात्री म्हणून मी कपाटातून शिलाईची टेप आणली आणि आधी माझा हात, मग माझी उंची मोजली. मी औट हात नाही, जवळजवळ पावणेचार हात भरले. तसं आत्याला सांगितलं.

"टेप चिनी असेल," ती म्हणाली, आणि पुढ्यातली बशी सरकवली. "पण अर्धा हात उरतो गं तुझ्या त्या बागेत."

"मग?"

"मग काय? माळ्याची टोपली ठेवायला नको?"